नवीन गायक म्हणजे बदली कामगार नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बँड फुटतात, परत जमतात आणि नवीन माणसं घेऊन कमबॅक अल्बम काढतात, त्याबद्दलचा लेख वाचला. मेटलकोरवर, म्हणजे हेवी मेटल आणि हार्डकोर पंक यांच्या मिश्रणातून आलेल्या संगीतावर, मराठी पेपरात कुणीतरी एवढं लिहिलंय हे बघूनच भारी वाटलं, त्याबद्दल आधी थँक्स. पण लेखाचा सूर असा होता की मूळ गायक किंवा गिटारिस्ट नसेल तर ते नुसतं जुन्या नावावर तिकिटं विकणं, आणि हे मला अजिबात पटलेलं नाही.

किलस्विच एंगेजचंच घ्या. मॅसॅच्युसेट्सचा बँड, १९९९ मध्ये सुरू झाला, तोही ओव्हरकास्ट आणि आफ्टरशॉक हे दोन बँड मोडल्यावर त्यातलीच पोरं एकत्र येऊन. २००२ मध्ये ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ हा अल्बम आला आणि त्याच वर्षी गायक जेसी लीच बँड सोडून गेला, गळा साथ देईना आणि मनानेही खचलेला. त्याच्या जागी हॉवर्ड जोन्स आला, पुढे ड्रम्सवर जस्टिन फोली आला, आणि अ‍ॅडम डुट्कीविच, ज्याने त्या अल्बमवर स्वतः ड्रम्स वाजवले होते, तो उठून गिटारवर गेला. म्हणजे लेखाच्या हिशोबाने बँड संपलाच की!

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि जेसी नाही या रागात २००४ चा ‘दि एंड ऑफ हार्टएक’ अल्बम कित्येक महिने ऐकलाच नव्हता. मग एका रात्री हेडफोन लावून ऐकायला बसलो तर हॉवर्ड जेसीसारखं गायला बघतच नाहीये, त्याचा आवाज पार खालून, छातीतून येतो, कोरसला तो सूर लांबवतो आणि गिटार त्याला तेवढी मोकळी जागा देतात, म्हणजे गाणीच त्याच्या गळ्याच्या मापाने बसवलेली. त्या टायटल साँगला ग्रॅमीचं नॉमिनेशनही मिळालं. २०१२ मध्ये हॉवर्डने बँड सोडला, जेसी परत आला, पुढच्या वर्षी ‘डिसार्म द डिसेंट’ आला. आणि २०१९ च्या ‘अटोनमेंट’मध्ये एका गाण्यात दोघं एकत्र गातात. त्यात मूळ कोण आणि बदली कोण हे आता तुम्हीच सांगा. मला तरी ते ऐकताना अंगावर काटा येतो, अजूनही.

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या आर्किटेक्ट्स या बँडची गोष्ट याहून अवघड. टॉम सर्ल, गिटारिस्ट आणि त्यांची गाणी मुख्यतः ज्याच्या डोक्यातून यायची तो, ऑगस्ट २०१६ मध्ये स्किन कॅन्सरने गेला, वय फक्त २८. त्याचा जुळा भाऊ डॅन त्याच बँडचा ड्रमर. गिटारवर सायलोसिस या बँडचा जॉश मिडलटन आला, आधी शोजपुरता, मग मेंबर म्हणून. टॉम एक गाणं अर्धवट ठेवून गेला होता, ते डॅन आणि जॉशने पुरं केलं आणि २०१७ मध्ये ‘डूम्सडे’ म्हणून बाहेर आलं, पुढच्या वर्षी ‘होली हेल’ अल्बम. आता जॉशच्या जागी स्वतःला ठेवून बघा ना, सुरुवात गेलेल्या माणसाची, त्याचा जुळा भाऊ शेजारी ड्रम्सवर बसलाय आणि पुढचा रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, तुम्हाला लिहायचाय. याला कुणी तिकिटं विकणं म्हणणार असेल तर मला खरंच वाईट वाटेल.

लिंकिन पार्क काही मेटलकोर नाही, पण लेखात त्यांचं नाव होतं म्हणून तेवढंच सांगतो. २०२४ च्या ‘फ्रॉम झीरो’आधी आलेल्या पहिल्या गाण्यात बँडमधला जुना माइक शिनोडा सुरुवात करतो, पहिला कोरसही तोच गातो, नवीन गायिका एमिली आर्मस्ट्राँग त्यानंतर येते. आता हयात नसलेला आधीचा गायक चेस्टर बेनिंग्टन, त्याच्या जागेवर तिला थेट उभं केलं नाही, आधी ओळखीचा आवाज आणि मग ती, हे मला फार समजूतदारपणाचं वाटलं.

पोकळ कमबॅक अल्बम असतात, मान्य. पण ते लाइनअप वाचून नाही, कानाने कळतं. नवीन व्होकलिस्ट जुन्याचा स्क्रीम (किंचाळून गाणं) हुबेहूब काढायला बघत असतो, ब्रेकडाउन, म्हणजे गाणं संथ आणि जड होतं तो भाग, बरोब्बर पूर्वीच्याच ठिकाणी येतो, ड्रम्स कॉम्प्युटरवर इतके घासूनपुसून घेतलेले असतात की माणूस वाजवतोय असं वाटतच नाही. अशा अल्बमना खुशाल झोडा, मी तुमच्या बाजूने आहे. पण हॉवर्डसारखा माणूस आपला आवाज घेऊन येतो तेव्हा त्याला ‘त्याच्या जागी आलेला’ एवढ्यावर बोळवू नका.

एकच विनंती आहे. पुढच्या वेळी अशा अल्बमचं परीक्षण छापाल तेव्हा कोण सोडून गेलं याच्यासोबत नवीन माणूस आधी कुठल्या बँडमध्ये होता, कुठली गाणी त्याने लिहिली, हेही दोन ओळीत द्या. मेटल पहिल्यांदाच ऐकणाऱ्या पोरांना तिथूनच पुढचे बँड सापडतात, मला सायलोसिस असाच सापडला.

आपला,
एक नियमित वाचक