एरियाची नावं नका छापू, रात्री साडेनऊला तिथं कोण चालतंय ते छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात बारावीनंतर पुण्या-मुंबईला जाणाऱ्या पोरापोरींसाठी सेफ एरिया कोणते न डेंजर कोणते असा एक चौकोन छापून आला होता. आमच्या गल्लीत तीन घरांनी तो कापून ठेवलाय, एकीने तर फ्रिजवर चिकटवलाय. म्हणून हे पत्र. राग वगैरे काही नाही भो, पण तो चौकोन वाचून मला सारखं वाटत राहिलं की अशी यादी करून चालत नसतं, न ज्याने केली तो त्या एरियातून रात्री पायी गेलेला नसणार.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, आता अमळनेरला घरी आहे. आमच्या नोकरीत मुक्कामी गाडी हा प्रकार असतो, म्हंजे रात्री साडेदहा-अकराला कुठल्यातरी अनोळखी गावात नाहीतर शहराच्या टोकाला गाडी लावायची, हिशोब करायचा, कॅशची पिशवी जवळ, मग जेवायला काही मिळतंय का ते शोधत चालत निघायचं. नाशिक, ठाणे, पुणे, सुरत सगळीकडे हे केलंय. त्यामुळे कोणत्या रस्त्याने जावं न कोणत्या नाही हे मला कुणी शिकवलं नाही, पायांनीच शिकवलं.

त्यातली एक गोष्ट सांगतो जी कंडक्टरलाच दिसते. पहाटेची पहिली गाडी सोडताना मी बघायचो की बाया स्टॉपवर कशा येतात. काही स्टॉपवर भाजीवाल्या, नर्सबाई, कॉलेजच्या पोरी अंधारात एकट्या चालत येऊन उभ्या राहायच्या, आपसात गप्पा मारत. आणि काही स्टॉपवर प्रत्येक बाईला सोडायला नवरा नाहीतर भाऊ मोटरसायकल घेऊन आलेला, आणि गाडी हलेपर्यंत तो जागचा हलायचा नाही. आता गंमत अशी की ज्या स्टॉपवर नवरे सोडायला यायचे तिथं नेहमी गरीब वस्तीच असायची असं काही नाही, कैकदा मोठमोठे बंगले असायचे, लांबच्या लांब कंपाउंडच्या भिंती न कुत्रं सोडून रस्त्यावर कुणी नाही. तिथल्या बायांना आपला रस्ता कळलेला असतो, त्यांना कुणाच्या यादीची गरज नसते.

आपण रूम बघायला जातो तेव्हा एजंटला विचारतो काय, "एरिया कसा आहे?" तो सांगतो, "फॅमिली एरिया आहे, सगळे चांगले लोक आहेत." आणि नको असलेल्या एरियाबद्दल आवाज बारीक करून म्हणतो, "तिकडची वस्ती वेगळी आहे." या दोन वाक्यांत रस्त्याबद्दल काय कळलं सांगा? तिथं कोणत्या जातीधर्माचे लोक राहतात न त्यांच्याकडे पैसा किती आहे एवढंच कळलं. रस्त्यावर दिवा आहे का, फुटपाथ आहे का, साडेनऊला मेडिकल उघडं असतं का यातलं एक अक्षर नाही. आपल्या चौकोनातही हेच झालंय असं मला वाटतं, स्पष्ट लिहितो, माफ करा.

सुरतेचं उदाहरण घ्या, आपल्या खान्देशी माणसाला मुंबईपेक्षा सुरत जवळची. उधना, लिंबायत, डिंडोली या भागात आपली किती माणसं आहेत ते वेगळं सांगायला नको, अर्ध्या घरांचे पोरं तिकडं लूमवर नाहीतर साडी मार्केटात गेलेली. मला एकदा स्टेशनवर रिक्षावाला म्हणे लिंबायतला रात्री नका जाऊ, तो एरिया खराब आहे. गेलो. रात्री अकराला तिथं अंड्याची गाडी चालू, शिफ्ट सुटलेली पोरं सायकलवर, ओट्यावर एक म्हातारी बसलेली, मला बघून म्हणते कशी, "कोना पोऱ्या शे रे तू?" आता सांगा, जिथं अंधारात तुम्हाला कुणाचा म्हणून विचारतात तो रस्ता डेंजर की जिथं विचारणारं कुणीच नाही तो? मला तिथं बरं वाटायला माझी अहिराणी बोलीही कारण आहे हे मी मान्य करतो, बिहारमधून आलेल्या पोराला तिथंच वेगळं वाटत असेल. म्हणूनच म्हणतो, सगळ्यांसाठी एकच यादी होत नसते.

मुंबईत तर हे नकाशावरच दिसतं. मिठी नदीच्या एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला बीकेसी, म्हंजे वांद्रे-कुर्ल्याचा ऑफिसांचा भाग. धारावीचं नाव काढलं की आपल्याकडे आयाबाया छातीला हात लावतात, पण नाइंटी फीट रोडला रात्री साडेदहाला दुकानं चालू, लेकरं रस्त्यात, कुणी पडलं तर उचलायला दहा जण. बीकेसीत ऑफिसं सुटली की रुंद रुंद रस्ते, काचेच्या बिल्डिंगी, दिवे भरपूर, आणि माणूस? गेटवरचा वॉचमन, तोही मोबाईलमध्ये. मी असं म्हणत नाही की धारावीत चोऱ्यामाऱ्या होत नाहीत, होतात. पण चालायला भीती कुठं वाटते हा वेगळा प्रश्न आहे.

माझ्या मुलीचंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी पुण्याला नोकरी लागली, आम्ही हौसेने आयटी पार्काच्या बाजूला नव्या सोसायटीत तिला रूम करून दिली, गेटवर सिक्युरिटी, कॅमेरे, आत स्विमिंग पूल सुद्धा. मी म्हटलं चला, काळजी मिटली. पण बसस्टॉपपासून गेटपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, दोन्हीकडून पत्रे लावलेले प्लॉट, बांधकाम चालू, एक टपरी नाही. दोनदा एक मोटरसायकलवाला तिच्या मागं मागं हळूहळू आला. तिने आम्हाला दोन महिने सांगितलंच नाही, कारण सांगितलं तर आम्ही घरी बोलावून घेऊ. नंतर तिने स्वतःच जुन्या पेठेकडं एक रूम बघितली, खाली किराणा, शेजारी झेरॉक्सवाला, समोर शेवभाजीचा बोर्ड लावलेली खानावळ. लिफ्ट नाही, पाणी सकाळी एकच तास. पण रात्री दहाला पायी येते.

हे सगळं मी तिला माझं कंडक्टरचं ज्ञान म्हणून ऐकवायला गेलो की बेटा, टपरी चालू असली की रस्ता सेफ समजायचा, तर तिने मलाच गप्प केलं. "पप्पा, टपरीवर नुसते पुरुषच उभे असले तर मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते. मी बघते की बाया आहेत का, आणि कशाला आल्यात. भाजी घेतायत, पाणीपुरी खातायत, लेकराला फिरवतायत, मग ठीक." ३१ वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, मी पुरुष ना, मला सगळ्या टपऱ्या सारख्याच. तिने मोबाईलवर सेफ्टीपिन नावाचं अॅपही दाखवलं, २०१३ पासूनचं आहे, दिल्लीत सुरू झालेलं. त्यात लोक एकेका जागेला मार्क देतात. उजेड किती, मोकळं किती, लोकांची नजर पडते का, चालायला जागा आहे का, बस-रिक्षा जवळ आहे का, बायका किती दिसतात, आणि मनाला कसं वाटलं. बघा, यात कुठंच वस्ती कोणाची असा रकाना नाही.

आता कुणी म्हणेल सरकारी आकडे बघा. ते मीही बघितले. एनसीआरबी, म्हंजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं केंद्राचं खातं, दरवर्षी वीस लाखांवर वस्ती असलेल्या शहरांचे आकडे वेगळे देते, आपल्या राज्यातली मुंबई, पुणे, नागपूर त्यात येतात, पण आकडा अख्ख्या शहराचा, गल्लीचा नाही. शिवाय जिथं पोलीस तक्रार नीट लिहून घेतात तिथं आकडा मोठा दिसतो न जिथं हाकलून लावतात तिथं शांतता. आणि बलात्काराच्या नोंदलेल्या केसेसमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त ठिकाणी आरोपी ओळखीतलाच असतो हे त्याच रिपोर्टात आहे. म्हंजे आपण पोरीला रस्त्याची भीती घालतो आणि धोका कैकदा ओळखीच्या घरातच असतो, पण हा विषय वेगळा, त्यावर लिहायला बसलो तर तुम्ही छापणार नाही.

गर्दीवर पण डोळे झाकून विश्वास ठेवू नये हे मला २०२५ च्या फेब्रुवारीत कळलं. स्वारगेट स्टँडवर पहाटेच्या वेळी उभ्या शिवशाहीत एका मुलीवर अत्याचार झाला. पुण्यातल्या मोठ्या गर्दीच्या स्टँडांपैकी एक, पोलीस स्टेशन हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, कारण उभ्या गाडीतला काळोख कसा असतो ते मला माहितीये, पन्नास पावलांवर चहावाला ओरडत असतो आणि गाडीच्या आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. म्हणून मी आता पोरींना सांगतो की एरिया बघू नका, पावलं बघा. उजेडातून अंधारात जायला किती पावलं लागतात, आणि कुणी "इकडं या, गाडी तिकडं लागलीये" म्हटलं तर चौकशीच्या खिडकीवर जाऊन विचारा.

आणि हो, वाहनं. हे आपल्या चौकोनात अजिबातच नव्हतं. २०२२ साली देशात २८,५२२ खून झाले न त्याच वर्षी रस्त्यावर पायी चालणारे ३२,८२५ लोक वाहनांखाली मेले. खुनापेक्षा जास्त! आपण जळगावकरांना हे सांगायला नको, शहराच्या मधून हायवे न समांतर रस्त्यांसाठी लोकांना आंदोलनं करायला लागली. तरी पोरगी पुण्याला निघाली की आपण तिला गुंडांबद्दल सांगतो, रस्ता कुठून ओलांडायचा ते सांगत नाही. फुटपाथवर गाड्या लावलेल्या असल्या की माणूस खाली उतरून चालतो, तिथंच मागून डंपर. पावसाळ्यात तर पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत परळ-प्रभादेवीकडं एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, चांगला एरियाच होता तो. कुत्र्यांचं पण बघावं, मटणाच्या दुकानाजवळ न कचऱ्याच्या ढिगापाशी रात्री टोळी असते, तो रस्ता दिवसा कितीही भारी दिसू दे.

आपल्याकडची एक गोष्ट आठवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळीसला टेकतं, लहानपणी आमची गल्ली रात्री बारापर्यंत ओट्यावर असायची, खाटा बाहेर, बाया डाळ निवडतायत, म्हातारे पत्ते खेळतायत. सिनेमाचा शेवटचा शो सुटला तरी पोरी बिनघोर यायच्या, कारण गर्मीने सगळं गाव जागं. आता घरोघरी कूलर न एसी, ओट्याला ग्रिल, आणि नऊला गल्ली सुनसान. मग आम्हीच म्हणतो जमाना खराब आलाय. आमच्या घरी पण एसी आहे, मी काही बाहेर बसत नाही, मच्छर फार.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी यादी छापायचीच असली तर आपल्या खान्देशातल्या ज्या मुली आत्ता पुण्यात, ठाण्यात, सुरतेत राहतायत त्यांनाच चार ओळी लिहायला सांगा. कुठून कुठवर चालता, किती वाजता, वाटेत शेवटचं दुकान कधी बंद होतं, झाडाच्या फांद्या दिव्यावर आल्यात का, कधी रिक्षा करावी वाटते. नाव नका छापू, चौक छापा. न खाली पोलिसांच्या मदतीचा ११२ नंबर मोठ्या अक्षरात टाका, आमच्या सौ. ला अजून १०० च पाठ आहे.

पुढच्या महिन्यात माझी पुतणी पुण्याला ॲडमिशनला जातेय, रूम बघायला मी सोबत चाललोय. भाऊ म्हणतो दुपारच्या गाडीने जा म्हंजे उजेडात बघून होईल. मी रात्री पोचणारी गाडी बुक केलीये. गुडघा दुखतो, तरी स्टॉपपासून रूमपर्यंत दोनदा चालणार, एकदा तिच्यासोबत न एकदा तिला वीस पावलं पुढं ठेवून.

आपला,
एक रिटायर कंडक्टर, अमळनेर
(नाव छापू नये, मुलगी चिडेल)