भट्टी बंद पाडू नका, लोहाराला शिकवायला बोलवा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर एका वाचकांचं पत्र आलं होतं. त्यांच्या सोसायटीतल्या दोन कॉलेजच्या पोरांनी पार्किंगच्या मागं विटांची भट्टी मांडलीय, घरीच सुऱ्या बनवतायत, तर असल्या प्रकारांवर बंदी आणा, असं त्यांचं म्हणणं. ते पत्र दोनदा वाचलं आणि मग राहवलं नाही म्हणून हे लिहायला बसलोय. त्यांची भीती खोटी नाही, गाड्यांच्या शेजारी भट्टी पेटवणं चूकच, तेवढ्यापुरता मी त्यांच्याच बाजूचा. पण बंदी घातली की पोरं हे थांबवणार नाहीत, कुठंतरी बंद खोलीत लपून करतील आणि तिथं कोळशाच्या धुराबरोबर जो वायू कोंडतो त्याचा वासपण येत नाही, माणूस बसल्याजागी जातो.

मी एमआयडीसीत फिटर आहे, सहा वर्षं झाली घरच्या परड्यात भट्टी मांडून सुऱ्या, विळे, खुरपी करतोय, विकत नाही, घरात आणि पाहुण्यारावळ्यांत देतो. पहिली सुरी केली ती बांधकामाच्या उरलेल्या सळईची. दोन संध्याकाळी ठोकली, लाल करून बादलीत बुडवली, घासून चकचकीत केली, पहिल्या दिवशी टोमॅटो झकास कापला आणि आठवड्यात धार गेली. परत लावली, परत गेली. शेवटी गावातल्या लोहारमामांकडं घेऊन गेलो. त्यांनी धारेकडं बघितलंच नाही, सुरी चाकाला लावली, ठिणग्या बघितल्या आणि म्हणाले, "ह्याला पाणी चढणार न्हाय."

त्याचं कारण असं, की सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो आणि तेवढ्यावर लोखंड हवं तसं कडक होत नाही, कितीही बुडवा. ट्रकच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यात तोच अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, कानशीत तर टक्क्याच्याही वर. चाकाला लावलं की सळईची ठिणगी लांब सरळ जाते, पाट्याची ठिणगी टोकाला फुलबाजीसारखी फुटते. मी आयटीआयला असताना हे कार्बनचं सगळं पेपरात लिहून मार्क मिळवलेत हो, पण ठिणगीत कार्बन दिसतो हे मला मामांनी दाखवलं.

मग पाटा आणला भंगारातून. भट्टी म्हणाल तर एक जाड जुनं घमेलं, त्यात माती, वाळू आणि राख कालवून लिंपून घेतलेली, आठवडाभर सुकवलेली, बाजूनं एक लोखंडी पाइप आत आणि त्याला हातानं फिरवायचा पंखा. कोळसा लोणारी, दगडी कोळशानं शेजाऱ्यांना त्रास होतो. ऐरण म्हणून बाभळीच्या ओंडक्यात बसवलेला लोखंडाचा ठोकळा. पुष्कळ जण रुळाचा तुकडा शोधत फिरतात, तो घेऊ नका, रेल्वेचा माल बेकायदा बाळगल्याबद्दल १९६६ चा वेगळा कायदा आहे.

आणि पाइपचं तेवढं सांगितल्याशिवाय पुढं जात नाही. मी पहिल्यांदा नळाचा जस्ती पाइप लावला होता, घरात पडलेला होता म्हणून. तो तापला, पांढरा धूर निघाला, मी म्हटलं लिंपण सुकत असेल. रात्री हुडहुडी भरून ताप, अंग मोडून निघालं, बायको म्हणाली मलेरियाच. दोन दिवसांत उतरला. नंतर कळलं की जस्ताचा धूर छातीत गेला की असाच ताप येतो. जस्त न चढवलेला काळा लोखंडी पाइप वापरा, जस्ती अजिबात नको. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावरही भट्टी मांडू नका, ओल धरलेला दगड तापला की तडकून उडतो. अंगात सुती कपडे, डोळ्याला चष्मा, पायात बूट. नायलॉन कातडीला चिकटतं.

पाट्याची पहिली सुरी मी पाण्यात बुडवली. टिक् असा बारीक आवाज आला आणि पात्यात केसाएवढी चीर. तीन रविवारची मेहनत गेली, डोळ्यात पाणी आलं खरंच. मामांना विचारलं तुम्ही तर कोयत्याला पाणीच देता, मग माझं का फुटलं? तेव्हा त्यांनी करून दाखवलं. ते पूर्ण कोयता बुडवतच नाहीत, फक्त धार बुडवतात, पाठ लालच ठेवतात, बाहेर काढून दगडानं पटकन घासतात आणि मग पाठीतली धग हळूहळू धारेकडं उतरते तसे रंग सरकत येतात, आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरी असेल तर पिवळ्या-तपकिरीवर थांबवायचं, उसाच्या कोयत्याला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं, कारण तो बुंध्यात आपटतो, जास्त कडक राहिला तर त्याची धार झडते. ह्या माणसाकडं थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, आणि चूक होत नाही.

मला अजून तेवढी नजर नाही, म्हणून मी तेलात बुडवतो, खायचंच तेल, कोमट केलेलं. इंजिनचं जळकं ऑइल लोक वापरतात, त्याचा धूर विषारी. तेल पत्र्याच्या डब्यात, झाकण हाताशी, आणि पातं एका दमात पूर्ण आत घालायचं, अर्धं लाल बाहेर राहिलं की तेल पेटतं. किती तापवायचं हे चुंबकानं कळतं, ७७० अंशाच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटायचं बंद होतं, त्याच्या थोडं वर गेलं की बुडवायचं. बाहेर काढलेलं पातं काचेसारखं असतं, हातातून पडलं तर दोन तुकडे, म्हणून मग ओव्हनमधे २०० अंशावर तास-तासभर दोनदा. आणि हे सगळं दिवे लागायच्या वेळी, कारण उन्हात लाल रंगच दिसत नाही. लोहाराची पडवी अंधारी का असते हे मला चाळिशीत कळलं.

आता कायद्याचं, कारण पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या यायला लागल्यापासून ऐरणीचा आवाज आला तरी लोक वाकडं बघतात. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, त्याखालच्या नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकामासाठी आणि शेतीसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे स्वयंपाकाची सुरी आणि खुरपं करणारं पोरगं गुन्हेगार नाही. तलवारी आणि खंजीर करायला बघत असेल तर त्याला घरच्यांनी आणि पोलिसांनी दोघांनी थांबवावं, तिथं माझा काही वाद नाही. मी तर पोरांना सांगतो पहिलं खुरपं करा, ते आईला किंवा आजीला द्या, तिनं महिनाभर वापरून काय सांगितलं ते ऐका आणि मगच सुरीला हात घाला.

माझं मुख्य म्हणणं वेगळंच आहे साहेब. ही पोरं मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून शिकतात, तिथलं स्टील वेगळं, गॅसची भट्टी वेगळी, आणि त्यांच्याच तालुक्यात ज्याला हे सगळं हातात आहे तो माणूस रिकामा बसलाय. लोहार बारा बलुतेदारांतला, पेरणीच्या आधी अख्ख्या गावाचे फाळ त्याच्याकडं असायचे, वर्षाचं धान्य त्याला मिळायचं. ट्रॅक्टर आला, तयार विळे बाजारात आले आणि ते बंद झालं. घिसाडी तर गाडीवर संसार घेऊन गावोगाव फिरायचे, रस्त्याकडंला पाल ठोकून बाई घण मारायची आणि गडी सांडशी धरायचा, अजून कुठंकुठं दिसतात, पण त्यांची पोरं आता ह्या धंद्यात यायला तयार नाहीत आणि त्यांना नावं कशी ठेवायची.

सप्टेंबर २०२३ पासून केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आहे, १८ कारागिरांत लोहार आहे, टूलकिटसाठी १५ हजार, ट्रेनिंगला रोजचे ५०० रुपये. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यात लोहार विद्यार्थी म्हणून बसतो. चाळीस वर्षं ऐरणीवर घालवलेल्या माणसाला शिक्षक म्हणून कोण बसवणार? आयटीआयला, शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला, आठवड्यातून एकदा मानधन देऊन त्याला बोलवा, मोकळ्या जागेत एक भट्टी, एक ऐरण, चार चष्मे, एवढंच लागतं. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथं पोरं हातानं काम करतच शिकतात. ते पाबळला जमतं तर आमच्याकडंही जमेल. त्या सोसायटीतल्या दोन पोरांनाही माझं सांगणं आहे, भट्टी पार्किंगमधून उचला, जवळचा लोहार शोधा, आणि पहिले महिनाभर नुसता त्यांचा भाता हाका, आपलं काही ठोकू नका.

आमचे मामा आता ७४ वर्षांचे आहेत, डाव्या डोळ्याला कमी दिसतं, त्यांच्या भात्याचं कातडं फाटलंय आणि ते शिवणारा माणूस पंचक्रोशीत राहिला नाही. रंग मात्र अजून अचूक ओळखतात. खंडेनवमीला हत्यारं पूजायला त्यांच्याकडं सात-आठ जण तरी येतात, त्या दिवशी दुपारनंतर ते एक कोयता करून दाखवणार आहेत. तुमचा एखादा बातमीदार पाठवता आला तर बघा, पत्ता तुमच्या ऑफिसला फोन करून देतो.

आपला,
एक वाचक, कऱ्हाड