ओंडक्यांचं घर आणि तुमची खोली

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई "जेवलीस का"च्या पुढं सरकत नाही आणि बाबा "बरं, बघू" म्हणून फोन ठेवतात. मला सगळं नीट सांगायचंय. बाबा, चष्मा लावून शांतपणे वाचा, आणि आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका.

आम्ही इथं फिनलंडमध्ये घर बांधलं. बांधून पूर्ण झालंय, पुढच्या महिन्यात राहायला जाऊ. युवास्कुला शहरापासून गाडीनं अर्ध्या तासावर, झाडीत. आणि ते लाकडाचं आहे. तासलेले पाईनचे अख्खे ओंडके आडवे रचून केलेल्या भिंती, कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत अडकवलेल्या. भिंतीत वीट नाही, सिमेंट नाही.

पी.डब्ल्यू.डी.त जन्म काढलेला माणूस लाकडाच्या भिंतींना सहज हो म्हणणार नाही, आणि 2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला त्यानंतर तर नाहीच. कपाटं, पलंग, आजीची पेटी, सगळं फुगून उकललेलं अंगणात पडलं होतं ते मी फोटोत पाहिलं. तुम्ही ते हातांनी उचललंत. म्हणून आधी पाण्याचंच सांगते. घर चढावर आहे. तळं खिडकीतून दिसतं, पण तिथवर उतरून जायला चांगली पाच मिनिटं लागतात. जोतं दगडाचं, गुडघ्याच्या वर, आणि जमिनीखाली हवा खेळायला चारी बाजूंनी झरोके. छप्पर भिंतीच्या पुढं पाऊण मीटर काढलंय. लाकूड भिजलं आणि वाळलं तर त्याचं काही बिघडत नाही, ओल साचून राहिली तर बुरशी धरते. त्यामुळे इथले सुतार जोतं, वळचण आणि पन्हळी यांवर जेवढा जीव टाकतात तेवढा भिंतीवरसुद्धा टाकत नाहीत. तुम्ही मे महिन्यात कौलं शाकारून घेता त्यामागचा विचार हाच आहे ना, बाबा?

वाळवी इथं नाही. मोठे काळे मुंगळे आहेत, ते लाकूड पोखरतात, पण त्यांना ओलसर, कुजायला लागलेलंच लाकूड आवडतं; कोरड्या भिंतीच्या वाटेला सहसा जात नाहीत. आगीचं म्हणाल तर जाड ओंडका वरून पेटतो, त्याचा कोळसा होतो आणि तोच कोळसा आतलं लाकूड झाकून धरतो. आग आत सरकते ती मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास. आमची भिंत वीस सेंटिमीटर जाड आहे. हिशोब तुम्हीच करून बघा.

आणि एक पुरावा. इथून जवळच पेतायावेसी नावाच्या गावात ओंडक्यांचं एक जुनं चर्च आहे. याक्को लेप्पानेन नावाच्या माणसानं 1763 ते 1765 या काळात बांधलं, पुढं 1821 मध्ये त्याच्या नातवानं त्याला घंटेचा मनोरा जोडला. पानिपतानंतर दोन वर्षांनी काम सुरू झालं, असं मी मनाशी लावून घेतलं. आत शेकोटी नाही, कसली ऊब नाही, दर हिवाळ्यात उणे वीस-पंचवीसची थंडी खात ते उभं आहे. 1994 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आतली पाईनची घुमटाकार लाकडी छतं मी मान दुखेपर्यंत बघत बसले होते. बाबा, तुम्ही आलात की पहिलं तिथं नेणार.

आमचं घर तितकं जुनं नाही, पण नवंही नाही. एका गावातलं शंभरएक वर्षांचं रिकामं शेतघर आम्ही घेतलं, उतरवलं आणि इथं पुन्हा उभं केलं. इथं ही जुनी रीत आहे. लाकडाचं घर सुटं होतं, गाडीवर चढतं आणि दुसऱ्या गावात पुन्हा रचलं जातं. उतरवण्याआधी सुतारानं प्रत्येक ओंडक्यावर नंबराची पट्टी ठोकली. गंमत म्हणजे पट्टी ठोकताना खालून जुन्या खुणा निघाल्या, पहिल्या सुतारानं कुऱ्हाडीनं कोरलेले रोमन आकडे. म्हणजे तेव्हाही ते कुठंतरी आधी जुळवून मग उभं केलं असणार. प्रत्येक ओंडका तो कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकत गेला, फणस पिकलाय का हे बाबा थापटून कान लावून बघतात तसं. खणखणीत वाजला तो ठेवायचा. जिथं आवाज बसका आला तिथं दाभण टोचायचं, दाभण सहज आत गेलं की तो ओंडका बाद. खिडक्यांखालचे काही आणि अगदी तळाचे बहुतेक सगळे गेले, त्यांच्या जागी नवे बसवले. वरचे सगळे जुनेच. दोन ओंडक्यांच्या मध्ये अळशीच्या धाग्यांचा काथ्या भरलाय, पूर्वी शेवाळ भरायचे.

आता बाबांना आवडेल ते. लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ आकसत नाही. म्हणजे आडव्या ओंडक्यांची भिंत वर्षागणिक खाली बसत जाते आणि उभा खांब आहे तेवढाच राहतो. नव्या ओल्या ओंडक्यांचं घर मीटरमागे काही सेंटिमीटर बसू शकतं. आमचे ओंडके वाळलेले असले तरी मधला काथ्या दबतोच, आणि खालचे नवे ओंडके अजून आकसायचे आहेत. म्हणून व्हरांड्याच्या खांबांखाली लोखंडी स्क्रू आहेत, भिंत बसेल तसे पान्यानं खाली घ्यायचे. खिडक्यांचं काम तर बघत राहावं असं. दोन्ही बाजूंना ओंडक्यांच्या टोकांत उभी खाच पाडून तिच्यात एक उभं लाकूड नुसतं सरकवून ठेवलंय आणि चौकट त्याला ठोकलीय, ओंडक्यांना एकही खिळा नाही. वर चार सेंटिमीटरची फट सोडून तीत काथ्या भरला आणि पट्टी मारली. भिंत खाली आली तरी काचेवर भार येत नाही. ही फट सोडली नाही तर काही वर्षांत दारं अडकतात, काचा तडकतात.

आई, तुला रंगाचं सांगते. बाहेरून घर लाल आहे, आणि तो रंग आम्ही अंगणात चुलीवर शिजवला. मोठ्या पिंपात पाणी उकळायचं, त्यात हिराकस घालायचा, मग राय नावाच्या इथल्या धान्याचं पीठ वैरत जायचं आणि लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. दाटसर पेज झाली की लाल माती घालायची आणि पुन्हा शिजवायचं. ढवळायला मीच उभी होते आणि सारखी तू आठवत होतीस, कारण "हात थांबवू नको" हे तुझंच वाक्य मी स्वतःला म्हणत होते. हा रंग लाकडाचा श्वास कोंडत नाही, आत गेलेली ओल बाहेर पडू देतो. दहाएक वर्षांनी सुटलेली भुकटी ब्रशनं झाडायची आणि वरून नवा हात द्यायचा. त्याची लाली लोखंडाच्या गंजाची आहे, आपल्या जांभ्याची आहे तीच. पाऊस पडून गेल्यावर ओल्या भिंतीचा रंग थेट आपल्या गडग्यासारखा दिसतो आणि मी जरा वेळ तिथंच उभी राहते.

आता जे लिहायला जड जातंय ते.

थोडी वर्षं राहते आणि परत येते, असं मी म्हणायचे. मनापासून म्हणायचे. पण छकुलीची शाळा इथली, तिच्या तोंडची भाषा इथली, आमची दोघांची कामं इथली, आणि दर वर्षी भाड्याच्या घराचा करार वाढवताना आपण कुठंच नाही असं वाटत राहायचं. घर बांधलं म्हणजे चिपळूण सोडलं असं नाही, आई. दर मे महिन्यात येणारच, त्यात काही बदल नाही. पण परसातली जागा माझ्या घरासाठी अडवून ठेवू नका. तिथं बाबांना हवी ती सुपारी लावा. आणि माळ्यावरच्या फणसाच्या फळ्या माझ्या नावानं ठेवल्यात, हेही मला ठाऊक आहे. पुरातूनही त्या वाचल्या. त्यांचा झोपाळा करून घ्या, पडवीत टांगा. माझ्या घरासाठी जपलेलं लाकूड तुम्हा दोघांच्या रोजच्या बसण्याला आलं तर मला फार बरं वाटेल, आणि मे महिन्यात दुपारी मीच त्यावर पसरेन.

तुमची खोली खालीच काढलीय, घरात शिरल्यावर एकही पायरी चढावी लागणार नाही. न्हाणीघर खोलीला लागून. फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्यात, पहाटे अनवाणी उठलीस तरी पाय गार पडायचे नाहीत. कमोडशेजारी हातात धरायचा पाण्याचा फवारा आहे, इथं घरोघरी असतो. बाबा, ही काळजी तुम्ही बोलून दाखवणार नाही म्हणून आधीच सांगून टाकते. देवाला पूर्वेची भिंत ठेवलीय. फक्त निरांजन भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, त्यासाठी पुढं एक पितळी ताट मांडलंय. जूनमध्ये इथं रात्री अकरापर्यंत सूर्य मावळत नाही, म्हणून तुमच्या खोलीला जाड पडदे केलेत. खिडकीला जाळी आहे, कारण उन्हाळ्यात डास असतात. तांदूळ सगळे मिळतात, चहा तुझा तू करशील, दूध फार छान आहे. ओंडक्यांच्या घरात वाऱ्याचा आवाज कमी आणि लाकडाचा बारीक आवाज जास्त, रात्री थंडी वाढली की कुठंतरी टक्‌ होतं. लाकूड आकसतं तेव्हा तसं होतं, घाबरायचं नाही. लहानपणी पावसाळी रात्री वासा करकरला की मी बाबांच्या पोटाशी शिरायचे आणि बाबा म्हणायचे, "घर कूस बदलतंय, झोप." परवा छकुलीला मी अगदी तसंच म्हटलं, तर ती "कुठल्या कुशीवर?" असं विचारत हसत सुटली.

देखभालीला आम्ही दोघं आहोत, तुमच्यावर काही पडणार नाही. वसंतात जोत्याखाली बॅटरी मारून ओल बघायची, पन्हळी साफ करायच्या, भिंतीला टेकलेलं बर्फ थंडीभर ओढून काढायचं, वर तोंड असलेल्या भेगांत पाणी साचतंय का ते बघायचं. चिमणी वर्षातून एकदा साफ करायला माणूस येतो, इथं तसा नियमच आहे. यात तुमच्या अंगणझाडीपेक्षा जास्त काही नाही.

आता माझं ऐका. बाबा, यंदा कौलांवर तुम्ही स्वतः चढायचं नाही. माणूस मिळत नसेल तर थांबा, दादा पुण्याहून येईल. बी.पी.ची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्हीसमोर बसून केलेस तरी चालेल, पण रोज. आणि जुलैत पाऊस लागून राहिला, भरती असली, की सामान आवरत बसायचं नाही. दार ओढून सरळ मामाकडे चढावर जायचं. सामान गेलं तर जाऊ दे.

तीन महिने तुम्हाला इथं राहता येईल, व्हिसाच तेवढा मिळतो. ते पूर्ण तीन महिने मला हवेत, जूनपासून. "पंधरा दिवस बस झाले" हे चालणार नाही. आईचा पासपोर्ट नूतनीकरणाला आत्ताच टाका. परतीच्या तारखेनंतरही तो निदान तीन महिने चालू असावा लागतो. विमा आणि तिकिटं मी काढते, तुम्ही फक्त फोटो काढून ठेवा, पांढऱ्या पार्श्वभूमीचे.

बाबा, घर आवडलं नाही तर स्पष्ट सांगा, मला राग येणार नाही. पण आधी येऊन भिंतीवर हात फिरवून बघा.

तुमच्या पाया पडते.

तुमची,
बाय

ता. क. आई, तूप आणि पेढे आणू नकोस. दुधाचं काही इथं आत आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात आणि मग तू वर्षभर हळहळशील. तूप मी इथल्या लोण्याचं कढवते, चांगलं रवाळ होतं. हापूसही नको, त्याला वेगळे कागद लागतात. मेतकूट, कुळथाचं पीठ आणि आंबापोळी मात्र भरपूर घाल, आणि पुड्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिही.