आईचा जीवनवृत्तांत उभा करणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

आईच्या स्मरण उपासनेनंतर चर्चच्या मंडळीतले बरेच जण विचारत होते, जीवनवृत्तांत कुणी लिहिला? वाचला नातीनं, पण उभा केलात तुम्ही. हे सगळ्यांना कळावं आणि पुढं कुणाच्या घरी अशी वेळ आली तर तुमची रीत हाताशी असावी, म्हणून हे आभाराचं पत्र उघडच लिहितोय.

तुमचा पहिला नियम असा की विशेषण आलं, की त्याच्यापुढं 'म्हणजे काय करायची?' असं लिहायचं आणि उत्तर मिळालं की विशेषण खोडायचं. त्यामुळं 'प्रार्थनाशील' गेलं आणि त्या जागी चूल पेटवायच्या आधीचं स्तोत्र, शुक्रवारची महिला मंडळाची प्रार्थना, आजाऱ्याकडं जाताना पिशवीत पवित्र शास्त्र आणि मऊ भाताचा डबा, असं सगळं आलं. 'उदार'च्या जागी हंगामाच्या सणाचा लिलाव आला. परसातला पहिला भोपळा आई वेदीपुढं नेऊन ठेवायची, उपासना सुटली की लिलावात चढी बोली लावून तोच सोडवून घ्यायची आणि घरी येऊन फोडी करून वस्तीत वाटायची. हे वाचताना बायका एकमेकींकडं बघून हसल्या. 'उदार' या शब्दावर कोण हसणार?

तारखांचं काम मात्र किचकट. शाळेच्या दाखल्यावर १ जून. त्या पिढीत ज्याला बघावं त्याचा जन्म १ जूनचा, कारण नाव घालताना गुरुजी वय अंदाजानं धरायचे आणि शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे व्हायचे. दाखला बाजूला ठेवून बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघायला तुम्ही सांगितलंत. जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईवडिलांची नावं, गाव, पाळकांची सही, सगळं एका ओळीत मिळालं. लग्नाची नोंद वेगळ्या रजिस्टरात असते, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, आणि माहेरचं नाव खात्रीनं सापडतं ते तिथं. पाळकसाहेबांना लेखी अर्ज द्यायचा, साल नक्की नसेल तर दोन वर्षं मागंपुढं धरून सांगायचं आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, हेही तुम्ही बजावलंत.

आई जन्मली तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि २०१४ ला शहराचं बेळगावी. घर जागचं हललं नाही तरी कागद मात्र तऱ्हेतऱ्हेचे, जुने मराठीत आणि पुढचे कन्नडात. तुमचा तोडगा साधा होता. घटना ज्या साली घडली त्या सालचं नाव लिहायचं. मंडळीत त्यावरून एकही प्रश्न आला नाही, आणि आपल्या भागात ही लहान गोष्ट नव्हे.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, आणि मरण घरी आलं असेल तर डॉक्टरांचं कारणाचं सर्टिफिकेट आधी घ्यावं लागतं. दाखला छापायच्या आधी कन्नड आणि इंग्रजी दोन्ही नावं आधार कार्डाशी ताडून बघायला तुम्ही सांगितलंत. 'बाई' जोडून की तोडून, एवढ्यावरून पुढं पेन्शन, बँक आणि उताऱ्यावरचा वारसा अडतो.

उपासनेचं वेळापत्रकही तुमचंच. दोन फुलस्केप पानं म्हणजे सावकाश वाचून पाच मिनिटं, त्याहून लांबलं तर मागच्या बाकावर कुजबुज सुरू. आठवणी सांगणारे चौघं, प्रत्येकी तीन मिनिटं. (थोरल्या मामांना तीन मिनिटं पुरली नाहीत, ते चालायचंच.) पवित्र शास्त्रातल्या नीतिसूत्रे ३१ मधली १० ते ३१ ही बावीसच्या बावीस वचनं न वाचता २५ पासून घ्यायची, आणि जोडीला २ तीमथ्य १:५, कारण तिथं आजी लोईस आणि आई युनीके एकाच वचनात येतात. बैलहोंगलची कन्नड नातलग मंडळी नुसती बसून राहू नयेत म्हणून स्तोत्र २३ ची सहा वचनं आळीपाळीनं वाटून दिलीत, एक मराठीत, एक कन्नडात. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनाची चाल आदल्या दिवशी पेटीवाल्याला सांगितलीत आणि सूरही उतरवून ठेवलात. म्हाताऱ्या बायकांचा आवाज वर चढत नाही, आणि तेच भजन त्यांनाच तर सगळ्यात नीट येतं.

दगडाची घाई करू दिली नाहीत, त्याचं मोल पावसाळ्यात कळेल. नव्या कबरीची माती एक पावसाळा बसत जाते. आधीच चौथरा बांधला तर तो एका अंगाला खचतो आणि ग्रॅनाइटला तडा जातो. तोवर लाकडी क्रूस पुरे. अक्षरांबद्दलचा इशाराही लक्षात आहे. मोबाइलवरचा मजकूर कारागिरानं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि 'ख्रिस्त', 'निद्रिस्त' हेच शब्द हमखास मोडतात. म्हणून मजकूर चित्राच्या रूपात द्यायचा, दगडाच्या खऱ्या मापाची कागदी प्रत काढायची आणि घरच्या दोघांनी ती मोठ्यानं वाचून सही केल्याशिवाय छिन्नी लावू द्यायची नाही. वचन कुठल्या भाषांतरातून घेतलंय तेही कागदावर लिहायचं, कारण जुन्या आणि नव्या आवृत्तीत शब्द बदलतात.

आईच्या पवित्र शास्त्राची सुटलेली पानं सेलोटेपनं चिकटवण्यापासून तुम्ही सगळ्यांना अडवलंत. टेप पिवळी पडते, डिंक पानात मुरतो आणि त्याखालची शाई जाते. समासात आईनं पेन्सिलीनं टाकलेल्या तारखा आहेत, नातवंडांचे जन्म, परीक्षा, ऑपरेशनं. त्या आधी खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पानोपान टिपून घेतल्या. सुटी पानं आता कोऱ्या कागदांत ठेवून पुस्तक सुती फडक्यात बांधलंय. आपल्याकडच्या पावसात कसर लागायला वेळ लागत नाही, तेव्हा महिन्यातून एकदा ते उघडून वाऱ्याला ठेवायचं काम धाकट्या सुनेकडं दिलंय.

आईची गाण्यांची वही सोबत पाठवतोय. काही गाण्यांवर चाल लिहिलेली नाही. सवडीनं बघा आणि ओळखू येतील तेवढ्यांवर खूण करा, नाताळच्या भजनांआधी पेटीवाल्याला द्यायची आहे.

आपले ऋणी,
आईची मुलं, सुना, जावई आणि नातवंडं