अन्नपेढीला हवी नियमित मदत

महोदय,

गरजू कुटुंबांना शिधा पुरवणाऱ्या सामुदायिक अन्नपेढ्यांकडे देणग्यांचा ओघ बहुधा सणासुदीला वाढतो आणि नंतर आटतो. व्यापाऱ्यांनी वर्षातून एकदा मोठा साठा देण्याऐवजी दर आठवड्याला थोडा, पण ठरलेला माल दिला, तर वाटपाचे नियोजन करणे पुष्कळ सोपे होईल. अमेरिकेतील फिनिक्स येथे १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केलेली अन्नपेढी जगातील पहिली मानली जाते; दुकानांतून टाकून दिले जाणारे, पण खाण्याजोगे अन्न वाचवणे हाच तिचा मूळ हेतू होता. म्हणून मुदत जवळ आलेला माल देण्यात गैर काहीच नाही, मात्र तो वाटप होऊन घरी वापरता येईल इतका आधी पोहोचायला हवा. अन्यथा ते दान नसून आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणे ठरते.

स्वयंसेवकांचे खरे काम वाटपाच्या टेबलामागे, छायाचित्रात न दिसणारे असते. मालाची वर्गवारी करणे, तारखा तपासणे, जुना साठा आधी बाहेर काढणे आणि नोंदी ठेवणे, ही कामे कंटाळवाणी असली तरी त्यांवाचून अन्नपेढी चालत नाही. व्यावसायिकांना धान्य देणे शक्य नसेल, तर त्यांनी वाहन, शीतगृहातील जागा किंवा हिशेबाचे काम जाणणारा कर्मचारी काही तासांसाठी द्यावा. तसेच, शिधा घेणाऱ्यांना बांधलेले पुडके हाती देण्याऐवजी शक्य तेथे निवडीची मुभा द्यावी. त्यामुळे नासाडी कमी होते आणि त्यांचा मानही राहतो.

आपला,
एक वाचक