दादाच्या हातासाठी

लीड्स, 18 जानेवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

कागदावर लिहून फोटो पाठवतोय, कारण फोनवर नाना मध्येच बोलतात आणि तू 'हो हो' म्हणून ठेवून देतोस. मी मजेत आहे. थंडीचं आईनं मनावर घेऊ नये, घरात हीटर आहे.

आता हात. केळीचा घड झेलताना तुझी उजव्या कोपराकडची कंडरा, म्हणजे दंडाचा बायसेप्स स्नायू हाडाला बांधणारी दोरी, तुटलेली दिसतेय. दुखणं कमी झालं म्हणून ऑपरेशन नको, हे तुझं गणित उलटं आहे. कंडरा अर्धवट तुटली तर कळ रेंगाळते. पूर्ण तुटली तर बऱ्याचदा आठवड्यात ओसरते. कोपर वाकतंय ते बायसेप्सखालच्या दुसऱ्या स्नायूच्या जिवावर. खरा जोर जातो तो पिळण्याचा: तळहात वर वळवायची ताकद साधारण 40 टक्क्यांनी कमी होते, कोपर वाकवायची 30 टक्क्यांनी. उजव्या हातानं पंपाचा नट आवळताना नेमका हाच जोर लागतो. बादली लटकवून नेशील, काही कळणार नाही. पाना फिरवायला घेतलास की दोन-चार नटांत हात भरून येईल.

नाना म्हणतात, शेजारच्या आप्पांचा दंडाचा गोळा खाली उतरला होता, ते काही न करता बरे झाले. खरं आहे, पण आप्पांची खांद्याकडची तुटली होती. तिथे बायसेप्सला दोन मुळं असतात, एक तुटलं तरी दुसरं धरून ठेवतं. कोपराकडे एकच दोरी. ती हाडावरून निघाली की गोळा वर सरकतो, आणि तुझा वर सरकलेला फोटोत दिसतोय.

एवढ्यावरही विश्वास नसेल तर वहिनींना सांग. कोपर काटकोनात ठेव, तळहात तोंडाकडे वळव. वहिनींनी कोपराच्या खळगीत बाहेरून, म्हणजे अंगठ्याच्या बाजूनं, तर्जनी आकड्यासारखी घालायची. आधी डावा हात बघा, ताठ दोरी बोटाला अडकेल. उजव्यात बोट नुसतं मऊ मांसात गेलं तर समजायचं. आतल्या बाजूनं चाचपू नका, तिथे एक ताणलेला पडदा असतो, तो फसवतो. एमआरआय तरीही जळगावला करूनच घे. आणि कुणाकडून चोळून घेऊ नकोस. चोळून कंडरा हाडाला चिकटत नाही.

घड तू 9 तारखेला झेललास. हे ऑपरेशन दोन-तीन आठवड्यांत सोपं जातं, म्हणजे महिनाअखेरपर्यंत. पुढे कंडरा आखडते, आजूबाजूला चिकटते, मग छेद मोठा आणि कधी कधी दुसरीकडची कंडरा आणून जोड. 'आखाजीनंतर बघू' यात हेच होईल.

तू विचारलंस, तिकडचे डॉक्टर काय म्हणतात? दादा, इथले डॉक्टर काहीच म्हणत नाहीत! आपण 'डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसं' म्हणून मोकळे होतो. इथे सर्जन ऑपरेशन केलं तर काय, नाही केलं तर काय, हे दोन्ही सांगतो, छापील कागद हातात देतो आणि विचारतो, तुम्हाला काय वाटतं? काम काय करता, कुठला हात, किती दिवस घरी बसू शकाल? पेशंट म्हणतो, तुम्हीच सांगा. तो हसतो आणि पुन्हा तेच विचारतो. हे टाळाटाळीचं नाही, रीतच आहे. पण घरी जाऊन ठरवून परत यायचं, हे आपल्या माणसाच्या पचनी पडत नाही.

मी तसं करणार नाही. तू 43 चा, उजवा हात, केळीचं काम: करून घे. नानांचा हात असता तर नको म्हटलं असतं.

करताना हाडाला भोक पाडून कंडरा धातूच्या छोट्या बटणानं ओढून बसवतात. हाताच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो, बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत जातो. बोटं सरळ होईनात असं क्वचित घडतं. झालं तर लगेच दाखव. साखर तपासून घे. तंबाखू आजपासून बंद, तिनं रक्तपुरवठा घटतो नि जखम रेंगाळते. पहिले सहा आठवडे चहाच्या कपापेक्षा जड काही नाही. तीन महिन्यांनी हलकी कामं, घड चार ते सहा महिन्यांनी. बटण-बिटणाचं बिल वेगळं लावतात, आधी विचार.

तू लिहिलंस, 'तुला काय, तिथे बसून सांगायला.' बरोबर आहे. म्हणून तर सगळं इतकं लिहितोय.

पैशांचं: दीड लाख परवा पाठवले, ते हातासाठी. माईच्या लग्नाचे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावू नका. कापणीला मजूर लाव, मजुरी मी देतो. शिरपूरच्या मंडळींना हो म्हणा, मुलगा मला बरा वाटला. वैशाखात लग्न धरलं तरी हाताची झोळी केव्हाच सुटलेली असेल. फक्त मांडवात तू खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे, भांडी-मंडप काही उचलायचं नाही. कळण्याची भाकरी आणि भरीत यंदाही हुकलं, असो.

रजेचा अर्ज टाकलाय, अजून उत्तर नाही. आईला सांग, येतोय. वहिनींना खरं काय ते सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
धाकटा