गाठ कोणती, ते आधी विचारा

महोदय,

आवाज बसला की काय करावं, याचे घरगुती उपाय वर्तमानपत्रांत नेहमी येतात आणि मिठाच्या गुळण्या त्यात हमखास असतात. गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही; पोहोचलंच तर ठसका लागेल. सर्दीने बसलेला आवाज एक-दोन आठवड्यांत आपला आपण सुटतो आणि श्रेय गुळण्यांना जातं. पण घोगरेपणा तीन-चार आठवडे हटला नाही, तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्यायलाच हवेत. धूम्रपान करणाऱ्यांनी, किंवा गिळताना दुखणं, थुंकीत रक्त, मानेत गाठ, श्वासाला आवाज यांपैकी काही असेल त्यांनी तेवढीही वाट पाहू नये.

तपासणीत ‘स्वरतंतूवर गाठ आहे’ असं कळलं की काही जण कॅन्सरच्या धास्तीने खचतात, काही लगेच ऑपरेशनची तारीख मागतात. दोन्हींआधी एकच प्रश्न विचारावा: गाठ कोणती? कारण उपचार त्यावर ठरतो.

नोड्यूल म्हणजे सततच्या घर्षणाने आलेले घट्टे. ते दोन्ही तंतूंवर समोरासमोर येतात, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो त्या जागी, कारण तंतू तिथेच सर्वांत जोरात आपटतात. पॉलिप म्हणजे मऊ फुगवटा; तो बहुधा एकाच बाजूला असतो. जोरात ओरडताना बारीक रक्तवाहिनी फुटूनही तो होतो. सिस्ट ही आवरणाखालची पिशवी; आवाजाच्या व्यायामाने आवाज सुधारला तरी ती जिरत नाही. ग्रॅन्युलोमा म्हणजे चिडलेल्या जागी वाढलेला मांसल गोळा; तो मागच्या टोकाला येतो: पोटातलं आम्ल वर येणं, सतत खाकरणं, किंवा भूल देताना घातलेली नळी ही त्याची कारणं. कारण तसंच ठेवून तो नुसता कापला, तर पुन्हा उगवतो. पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीसारखी वाढ, विषाणूमुळे होतो आणि वारंवार काढावा लागू शकतो. पांढरा चट्टा दिसला तर मात्र तुकडा तपासायला पाठवण्याचा विचार लांबवू नये.

साध्या दुर्बिणीत सिस्ट आणि नोड्यूल यांत गल्लत होऊ शकते. तिथे स्ट्रोबोस्कोपी कामाला येते. बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात, ते डोळ्याला दिसणं शक्य नाही. स्ट्रोबचा लुकलुकता प्रकाश ती हालचाल संथ भासवतो आणि कुठला भाग लाटेसारखा हलतोय, कुठला ताठ आहे, ते दिसतं.

हाच २०० चा आकडा नोड्यूलचं कारणही सांगतो. तासाभराच्या शिकवण्यात निम्मा वेळ आवाज लावला, तर तंतू साडेतीन लाखांहून अधिक वेळा आपटतात. म्हणून नोड्यूलवर पहिला उपचार व्हॉइस थेरपीच, म्हणजे आवाज न ताणता वापरायला शिकवणारे व्यायाम आणि सवयी. ती टाळून केलेलं ऑपरेशन आम्हाला घाईचं वाटतं: घट्टा गेला तरी तो पाडणारी सवय तशीच राहते.

थेरपीतला एक व्यायाम नीट सांगण्याजोगा आहे. अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटीमीटर बुडवायचं, ओठ स्ट्रॉभोवती मिटायचे आणि ‘ऊऽऽ’ असा हलका सूर लावायचा. बुडबुडे संथ, एकसारखे यायला हवेत. स्ट्रॉमुळे मागे हवेचा दाब तयार होतो, त्याने तंतू किंचित विलग राहतात आणि आपटणं मऊ होतं. चुका ठरलेल्या. नुसती फुंकर मारली, सूर लावलाच नाही, तर तंतू हलतच नाहीत. बुडबुडे अडखळले तर श्वास तुटतोय. स्ट्रॉ खोल बुडवली की जोर लावावा लागतो आणि गळ्याच्या शिरा ताठतात. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा पुरे.

खाकरण्याची सवय याहून चिवट. खाकरताना तंतू एकमेकांवर जोरात घासतात, सूज येते, सुजेमुळे कफ अडकल्यासारखं वाटतं, आणि माणूस पुन्हा खाकरतो. त्या क्षणी पाण्याचा घोट घ्यावा, किंवा कोरडा आवंढा जोरात गिळावा. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. अनेकांचा गळा त्यात अधिकच आवळला जातो. हळू पण सुरात बोलावं.

ऑपरेशन लागलंच, तर ते पूर्ण भूल देऊन तोंडातून, सूक्ष्मदर्शकाखाली होतं. मानेवर छेद नसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं. ती आपल्या मनाने बंद करू नये. स्वरतंतूच्या पातळ आवरणाखाली जेलीसारखा मऊ थर असतो आणि आवाजाची लाट त्यातूनच उठते. शस्त्र त्याहून खोल गेलं तर व्रण राहतो, तंतू ताठतो, गाठ जाऊनही आवाज घोगराच राहतो. हा धोका डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावा. नंतर काही दिवस जीभ बधिर वाटणं किंवा चव बदलणं होऊ शकतं.

पुढचं मौन बहुतेक तीन ते सात दिवसांचं असतं. त्या काळात खाकरणं आणि जड वजन उचलणं दोन्ही वर्ज्य. वजन उचलताना श्वास रोखला जातो आणि तंतू घट्ट दाबले जातात. मौन सुटल्यावर एकदम फोनवर तासभर बोलणं हीच नेहमीची चूक. सुरुवात एका वेळी दोन-तीन मिनिटांनी करावी आणि रोज थोडं वाढवावं. उलट भीतीने महिनाभर गप्प बसूनही फायदा नाही, कारण भरणाऱ्या जखमेला बेताची हालचाल लागते. पहिले काही आठवडे आवाज खरखरीत, दमलेला येतो. तो स्थिरावायला दोन-तीन महिनेही लागतात.

काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल मागून घ्यावा, तो ‘साधी गाठ’ म्हणत असला तरी जपून ठेवावा आणि पुढच्या दुर्बीण तपासणीला सोबत न्यावा.

आपले,
आवाजाच्या रुग्णांवर उपचार करणारे स्पीच थेरपिस्ट